एकशे चौदा नंबरची भिंत

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सगळे त्यांना 'धाकटे' म्हणत. थोरला जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली होती, पण धाकट्यांचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. दोघे भाऊ मिळून शहरातल्या पाट्या रंगवत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या, आणि मोठ्या इमारतींच्या बिनखिडक्यांच्या भिंतींवर दोन-दोन मजली जाहिराती. थोरल्याचा हात चेहऱ्यांवर बसलेला, धाकट्यांचा अक्षरांवर. गिऱ्हाईक सांगायचं, "चेहरा थोरल्याकडून घ्या, नाव धाकट्याकडून," आणि तेच पुढे नाव पडलं.

थोरला एका दुपारी भिंतीवरून पडून गेला. त्यानंतर धाकटे कधी झुल्यावर चढले नाहीत. झुला म्हणजे गच्चीवरून दोन दोरांनी खाली सोडलेली फळी, रंगारी तिच्यावर बसून काम करतो. धाकट्यांनी पुढची सगळी वर्षं जमिनीवर मांडी घालून छोट्या पाट्या रंगवल्या. लग्न केलं नाही. वहिनी आणि तीन वर्षांची पुतणी यांच्यासोबत त्याच दोन खोल्यांत राहिले. सुरुवातीला आजूबाजूचे लोक कुजबुजले, मग त्यांनाही कंटाळा आला. वहिनींनी शिवणकाम केलं, पुतणी शिकली, शहराच्या ग्रंथालयात ग्रंथपाल झाली. पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या तसे धाकट्यांचे ब्रश डब्यात वाळले. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं नाही.

वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. थोरला गेला तरी त्याचं काम भिंतींवर राहिलं होतं. एखाद्या गल्लीतून जाताना अचानक वर त्याने काढलेला चेहरा दिसायचा, डोळे थेट आपल्याकडे. एकेका वर्षी एकेक चेहरा पुसला जाई, कोणी चुना मारी, कोणी भिंतच पाडी. पण जुना तेलरंग चिवट असतो. चुना मारलेली भिंत पाणी प्यायली की आतला चेहरा पुन्हा वर येतो, आधी डोळे, मग ओठ. धाकट्यांना अशा भिंती पाठ होत्या आणि शक्यतो ते त्या टाळून जात. बाजारात जायला त्यांना इतरांपेक्षा दहा मिनिटं जास्त लागत ती यामुळे. वहिनींनी कारण कधी विचारलं नाही.

त्या वर्षी ग्रंथालयात एक लाकडी खोकं आलं. पूर्वी पाणीपुरवठ्याच्या कामासाठी एक इंजिनियर शहरात दोन वर्षं राहून गेला होता. त्याला रंगीत फोटो काढायचा नाद. तो वारल्यावर त्याच्या मुलीने तीनशे बारा स्लाइड्स ग्रंथालयाला पाठवून दिल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने फक्त नंबर आणि महिना. कुठली गल्ली, कुठली इमारत, काही नाही. अर्धं शहर त्यानंतर पाडून नवं बांधलेलं, त्यामुळे बघणाऱ्याला ते परक्या गावाचे फोटो वाटावेत अशी गत. पुतणीने दोन प्राध्यापक बोलावले, त्यांनी चहा घेतला आणि चाळीस फोटोंवर चार मतं दिली. तेव्हा तिच्या डोक्यात आलं की आपल्या घरात पाट्यांचा चालताबोलता कोश बसून आहे.

धाकटे आधी नाही म्हणाले. मग गेले. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पडदे ओढलेले असत, भिंतीवर पांढरं कापड, टेबलावर स्लाइड दाखवायचं यंत्र गुरगुरत असे. पुतणी एकेक फोटो टाके आणि धाकटे काठीच्या टोकाने दाखवत. ही औषधाच्या दुकानाची पाटी तेरा फुटांची, तेरा फुटांचं दुकान त्या रस्त्यावर एकच होतं, म्हणजे हा जुन्या टपाल कचेरीसमोरचा कोपरा. हे अक्षर माझं नाही, ही शेपूट ओढायची खोड स्टेशनजवळच्या डावऱ्या रंगाऱ्याची, म्हणजे ही गल्ली स्टेशनामागची. प्राध्यापकांना जे जमलं नाही ते धाकटे पाटी बघून चुटकीसरशी सांगत.

रंगांचं तर त्यांनी पुतणीला पहिल्याच दिवशी बजावलं. स्लाइड जुनी झाली की लालीकडे झुकते. निळं जांभळट होतं, हिरवं मळकं होतं, तपकिरी तांबडं दिसतं. "ही बँक लाल नव्हती कधी," ते म्हणाले. "एवढी लाली काढून टाक, मग उरेल तो खरा रंग." पुतणीने ते वहीत लिहून घेतलं. तिला मजा येत होती. काका एवढं बोलतात हे तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

तीन आठवड्यांत एकशे तेरा फोटो झाले. तिने एकशे चौदावा टाकला.

एक मोठी भिंत होती. तिच्यावर साबणाच्या जाहिरातीतली बाई, हनुवटीपासून केसांपर्यंत दीड मजला उंच. एक डोळा रंगवलेला, दुसरा नुसता खडूने आखलेला. हनुवटीच्या खाली फळी लोंबत होती आणि फळीवर पिवळ्या शर्टातला एक माणूस फोटो काढणाऱ्याकडे वळून हसत होता.

धाकट्यांची काठी जमिनीवरच राहिली. मग ते म्हणाले की ही काही ओळखू येत नाही, पुढचा घे. पुतणीने एकशे चौदासमोर प्रश्नचिन्ह केलं आणि पुढचा घेतला. पण तिला खटकलं. एरवी काका 'माहीत नाही' म्हणण्याआधी उठून कापडाजवळ जात, नाक लावून बघत. या वेळी ते जागचे हललेही नव्हते. फोटोतला माणूस कोण हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. घरात वडिलांचा एकच फोटो होता, लग्नातला, काळापांढरा, त्यात त्यांचा चेहरा लहान आणि घाबरलेला.

धाकटे घरी आले आणि गुडघा दुखतो म्हणून तीन दिवस बाहेर पडले नाहीत. अन्न गोड लागेना. एक्केचाळीस वर्षं त्यांना ती दुपार डोळे मिटले की दिसत आली होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढच्या दुपारी थोरल्याचा शर्ट पांढरा असायचा. सकाळी घरून निघताना तो पांढराच होता, त्यांना पक्कं आठवत होतं. मग हा पिवळा कुठून आला? आपण इतकी वर्षं जे बघत आलो ते खरं होतं की नाही, याचीच त्यांना शंका यायला लागली. वहिनी समोर बसून कापड कापत होत्या. कात्रीच्या प्रत्येक आवाजाला धाकटे दचकत होते.

चौथ्या दिवशी ते आपणहून ग्रंथालयात गेले आणि एकशे चौदा लावायला सांगितला. पुतणीने काही न विचारता लावला. ते कापडाजवळ गेले. भिंतीवरून एक पाण्याचा नळ खाली उतरत होता, त्याची तिरकी सावली जाहिरातीच्या चौकटीला टेकली होती. ही सावली म्हणजे दोघा भावांचं घड्याळ होतं. ती चौकटीला टेकली की अडीच वाजत. थोरला पडला तेव्हा तीनला दहा कमी होते. भिंतीला टेकून ठेवलेली सायकल फोटोत नव्हती, म्हणजे धाकटे तोवर रंग आणायला गेले होते.

मग त्यांनी दोर बघितले. उजवीकडचा दोर वरपासून फळीपर्यंत काथ्याचा, त्यांनी सकाळी बांधला तसा. डावीकडचा कठड्यापासून काथ्याचाच निघत होता, वरची गाठही त्यांचीच, दोन वेढे आणि आत खोचलेलं टोक. पण फळीच्या वर हातभर अंतरावर तो काथ्या संपत होता आणि तिथून पुढे कुठलीतरी बारीक दोरी जोडलेली होती. ती हिरवी होती.

त्यांनी स्वतःशीच तपासून पाहिलं. सगळा फोटो लालीकडे झुकलेला. भिंतीच्या विटा होत्या त्याहून लाल, फळी तांबडी. त्यात काथ्या तांबडाच दिसणार, आणि उजवीकडचा दिसतही होता. एवढ्या लालीतूनही जी दोरी हिरवी दिसते ती मुळात चांगली गडद हिरवी असली पाहिजे. नजरचुकीला जागाच नव्हती. ती दोरी त्यांनी बांधलेली नव्हती. त्यांच्या मागे कोणीतरी, म्हणजे थोरल्यानेच, फळी आणखी खाली सोडताना आखूड पडलेल्या डाव्या दोराला जोड दिला होता.

पुतणी मागून म्हणाली, "काका, हे कोण आहेत?"

"तुझे बाबा."

ती खुर्चीत बसली. तिने विचारलं की यात त्यांचं वय किती असेल. धाकट्यांनी अडतीस सांगितलं. ती कापडाकडे बघत राहिली. आपण वडिलांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आहोत हा हिशेब तिने मनात केला असावा, कारण तिचा हात आपसूक स्वतःच्या कानामागच्या पांढऱ्या केसांकडे गेला.

मग धाकट्यांनी तिला ते सांगितलं जे कोणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी दोन्ही दोर त्यांनी बांधले होते. गाठी बांधणं हे धाकट्याचं काम, थोरला त्यात पडत नसे. जेवणाच्या सुट्टीआधी रंग संपला म्हणून ते गेले. रंगाच्या दुकानदाराने चहा सांगितला, गप्पा निघाल्या, दीड तास गेला. परत आले तेव्हा गर्दी होती, थोरल्यावर कोणीतरी चादर टाकली होती. फळीचं डावं टोक खाली लोंबत होतं. त्यांनी दोराकडे बघितलं नाही, बघवलंच नाही. ती भिंत ज्या सिनेमागृहाची, तिथल्या चौकीदाराने सगळं सोडून नेलं आणि कुठे टाकलं ते त्यांनी विचारलं नाही. डावी गाठ आपली सुटली, आपण तोंडात विडी धरून घाईत बांधली होती, हे त्यांनी त्या क्षणी ठरवून टाकलं. ते जन्मभराचं ठरलं.

"आणि आईला काय सांगितलंत?"

"दोरी तुटली म्हणून सांगितलं," धाकटे म्हणाले. "गाठ सुटली म्हणायला जीभ रेटली नाही."

साबणवाल्या बाईचा चेहरा दीड महिना तसाच एका डोळ्याचा राहिला होता. मग कंपनीने त्यावर पांढरा रंग मारला. धाकटे त्या रस्त्याला पुन्हा फिरकले नाहीत. सिनेमागृह पाडलं तेही त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं.

पुतणीचं म्हणणं पडलं की आईला आजच सांगा. धाकट्यांना वाटत होतं की आता सांगून काय मिळणार. तरी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ते वहिनींच्या समोर पाटावर बसले. आपण काय सांगणार हे त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. आधी गाठीचं सांगितलं. मग फोटोचं सांगितलं. आणि डाव्या बाजूला हिरव्या दोरीचा जोड होता, तो कुठून आला कळत नाही, असं म्हणून थांबले.

वहिनींनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. सुई काढून उशीला टोचली.

"ती माझी होती," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत घालायची."

त्या दिवशी थोरला जेवायला घरी आला होता. पांढऱ्या शर्टावर रंगाचा डबा कलंडला होता म्हणून तो चिडलेला होता. वहिनींनी त्याला पिवळा शर्ट काढून दिला. जाताना तो म्हणाला की दोर कमी पडतोय, घरात काही आहे का. गॅलरीत हिरवी दोरी होती, तिच्यावर कपडे वाळत होते. वहिनींनी कपडे काढून खुर्च्यांवर टाकले आणि दोरी सोडून त्याच्या हातात दिली. ही मजबूत आहे, बिनघोर न्या, असंही म्हणाल्या.

"तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, दोरी तुटली. कुठली, ते मी विचारलं नाही, भाऊजी. मला माहीत होतं."

धाकट्यांना त्या घरातली एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, जी रोज डोळ्यांसमोर होती. इथे कपड्यांसाठी दोरी कधी बांधलीच गेली नव्हती. वहिनी खुर्च्यांच्या पाठींवर, दारावर, लाकडी स्टँडवर कपडे वाळत घालत. बाईमाणसाची एकेक सवय, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"तुटली नव्हती?" वहिनींनी विचारलं.

"मी पाहिलं नाही. मी ते आपल्या मनाने सांगितलं."

"म्हणजे तुटलीही असेल."

"असेल. नसेलही."

वहिनी उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं नाही, पण परत बाहेरही आल्या नाहीत. धाकट्यांना वाटलं होतं की बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. आपण स्वतःला वाचवायला दोन शब्द बोललो आणि ते दोन शब्द या बाईने एक्केचाळीस वर्षं अंगावर वागवले, हे कळल्यावर धोंड्यावर धोंडा चढला. गाठीचा अपराध निदान नकळत झाला होता. हा जाणूनबुजून केलेला होता.

पुढचे नऊ दिवस वहिनी त्यांच्याशी कामापुरतं बोलल्या. ताट वाढलं, पाणी ठेवलं, दिवा मालवला. रागावल्या आहेत असंही म्हणता येईना. कधी कधी शिवता शिवता त्या मान वर करून त्यांच्याकडे अशा बघत, जणू हा माणूस घरात आज पहिल्यांदा आला आहे. धाकटे ग्रंथालयात जाऊन उरलेले फोटो ओळखत राहिले, कारण घरी बसवत नव्हतं. काम बिनचूक होत होतं. पण प्रत्येक रस्त्यावर आता त्यांची नजर आधी माणसांकडे जाई. पाठमोऱ्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या, धूसर. यातल्या कोणाची शेवटची दुपार या इंजिनियरने हसत हसत टिपली असेल, असं त्यांच्या मनात येई आणि काठी थांबे.

दहाव्या दिवशी सकाळी वहिनी चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "चला," म्हणाल्या. "मला दाखवा."

पुतणीने यंत्र सुरू केलं. वहिनींनी दोरीकडे आधी बघितलं नाही. त्या शर्टाकडे बघत होत्या. "एक गुंडी नव्हती याला," त्या पुतणीला म्हणाल्या, "संध्याकाळी लावून देईन म्हटलं होतं." मग त्यांनी धाकट्यांना गाठ कुठली ते दाखवायला सांगितलं. धाकट्यांनी काठी उचलली. वरची आपली, अजून घट्ट दिसते. खालची दोन्ही त्याची, काथ्याला जोड दिलेली आणि फळीला बांधलेली.

"आणि मधली दोरी माझी," वहिनी म्हणाल्या.

तिघंही त्या भिंतीपुढे बसून राहिली. यापुढे फोटोत काही नव्हतं. काय आधी सुटलं किंवा तुटलं ते त्यात कुठेच नव्हतं, आणि आता ते सांगणारं कोणी उरलंही नव्हतं. पुतणीने वही उघडली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि काय लिहू म्हणून विचारलं. धाकट्यांनी इतर फोटोंसारखंच सांगितलं. जुन्या सिनेमागृहाची पश्चिमेकडची भिंत. आता तिथे गाड्या लावायची इमारत. दुपारचे अडीच. साबणाची जाहिरात, अपुरी. ते थांबले तेव्हा वहिनींनी रंगवणाऱ्याचं नाव घालायला सांगितलं, आणि वय. पुतणीने घरी ठेवायला प्रत काढून देऊ का विचारलं. त्या नको म्हणाल्या. इथेच राहू दे, यावंसं वाटलं तर येईन.

बाहेर पडल्यावर वहिनींनी विचारलं की ती जागा इथून किती लांब. धाकटे म्हणाले, दहा मिनिटं. त्यांना वाटलं होतं की त्या नुसतं विचारत आहेत. पण त्या चालायला लागल्या, आणि त्यांना मागे जावं लागलं.

गाड्यांच्या इमारतीला चारी बाजूंनी उघडे मजले होते. वहिनींनी खालूनच अंदाज घेतला आणि विचारलं की फळी साधारण कुठल्या मजल्याला असेल. चौथ्या, धाकटे म्हणाले. एवढ्या वर्षांत ते कधी पहिल्या मजल्याच्या वरच्या कठड्याशी उभे राहिले नव्हते. वहिनी जिना चढायला लागल्या. प्रत्येक वळणावर दम खायला थांबत होत्या आणि धाकटे येतायत ना हे न बघता पुन्हा चढत होत्या.

चौथ्या मजल्यावर पश्चिमेच्या बाजूला दोन गाड्यांच्या मधून जाऊन ते कठड्याशी पोचले. धाकट्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. खाली रस्ता होता, माणसं होती, त्यांचे खांदे आणि टाळकी दिसत होती. थोरल्याने हेच बघितलं असणार. मग त्यांची नजर रस्त्याच्या वळणाकडे गेली. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. पूर्वी तिथे रंगाचं दुकान होतं, बाहेर एक बाक असे.

"तिथे बसून चहा प्यायलो मी, भिंतीकडे पाठ करून," ते म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या बोटाच्या दिशेने बघितलं.

"इथून दिसतं की," त्या म्हणाल्या.

"दिसतं."

मागे एका गाडीवाल्याला गाडी बाहेर काढायची होती, त्याने हॉर्न दिला. दोघं बाजूला सरकली आणि ती गाडी जाईपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली.